फरशी निवडताना, बसवताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम काढणाऱ्यांना पडणारे फरशीविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं फिरून फरशीच्या खाली काय आहे तिकडेच येतील. आजवर बिघडलेल्या जेवढ्या फरशा मी उकरलेल्या पाहिल्या, त्यांत टाइलच वाईट निघाली असं फार क्वचित घडलं. बहुतेक वेळा खालचा कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) ओला होता, माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) अर्धवट भरलेला होता किंवा भिंतीलगत मोकळी जागाच ठेवली नव्हती.

नूतनीकरण ठरलंय. आधी टाइल्स बघायला जाऊ का?

आधी घरातली फरशी बघा. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून एकेक फरशी ठोका आणि जिथे आवाज भरीव न येता पोकळ येईल तिथे खडूने फुली मारा. दोन-तीन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली उजेड कुठे दिसतो ते पाहा. प्रत्येक दार उघडून त्याच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत किती फट आहे ते मोजा. भिंतींच्या तळाशी रंगाचे पोपडे किंवा पांढरी भुकटी असेल तर तीही टिपून ठेवा. ही ओलीची खूण आहे.

तासाभराचं हे काम पुढचे कितीतरी निर्णय आपोआप करून टाकतं. दाराखाली जेमतेम १० मिलिमीटर फट असेल तर जुन्या फरशीवर नवी टाइल बसवण्याआधी दार कापावं लागणार, हे तिथेच कळतं. भिंतीत ओल असेल तर लाकडाचा विचार पुढे ढकलावा लागतो. मग नमुने बघायला जा आणि पसंतीचे दोन-तीन तुकडे घरी आणून त्याच खोलीत सकाळच्या आणि रात्रीच्या उजेडात जमिनीवर ठेवून बघा. दुकानात टाइल उभी लावलेली असते आणि वरून दिवे सोडलेले असतात. घरी तीच टाइल आडवी पडते आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की वेगळीच दिसते.

जुनी फरशी काढायलाच हवी का? वरून नवी बसवली तर?

जुनी फरशी घट्ट, सपाट आणि कोरडी असेल तर वरून बसवता येते. तोडफोड, धूळ आणि मलबा वाचतो. अट एवढीच, की खडूच्या फुल्या तुरळक असाव्यात. त्या पोकळ फरशा काढून खड्डे भरून घ्यायचे, उरलेल्या फरशीचा तेलकटपणा धुवून काढायचा, चकाकी असेल तर ग्राइंडरने खरवडून किंवा प्रायमर लावून पकड आणायची आणि मग गुळगुळीत पृष्ठभागावर चालणारं, टाइल चिकटवायचं अ‍ॅधेसिव्ह वापरायचं. पातळी साधारण १२ ते १५ मिलिमीटरने वर येते. दारं, उंबरे आणि शेजारच्या खोलीशी होणारा जोड यांचा विचार तेव्हाच करावा लागतो.

वजनाचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही, म्हणून थोडा आकड्यांत सांगते. टाइल आणि अ‍ॅधेसिव्ह मिळून चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास भार होतो. तीच टाइल ५० मिलिमीटर सिमेंट-वाळूच्या थरावर बसवली तर हा भार १२० किलोच्या घरात जातो. १४ चौरस मीटरच्या खोलीत हा फरक सव्वा टनाहून जास्त होतो. वरच्या मजल्यावर जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर पुन्हा वाळू-सिमेंटचा जाड थर टाकायचा कुणी सल्ला दिला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मान्य करू नका. एकदा वरून टाइल बसवून झालेली असेल तर तिसरा थर टाकूच नये, असं माझं मत आहे.

पोकळ फरशा सगळीकडे असतील, फरशी खचली असेल किंवा खालून ओल येत असेल तर काढण्याला पर्याय नाही.

एक सावधगिरी. १९८०च्या दशकापर्यंतच्या व्हिनाइल टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. अशा टाइल्स घासू नका, फोडू नका. नमुना तपासून घ्या, किंवा त्या न हलवता वरून झाकून टाका.

सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, पोर्सेलिन यांत नेमका फरक काय?

मुख्य फरक टाइल पाणी किती पिते यात आहे. पोर्सेलिन आणि व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. म्हणून भिंतीची टाइल उरली म्हणून जमिनीवर लावू नये. ती ठिसूळ असते, तिच्यावरचा चकाकीचा थरही चालण्यासाठी केलेला नसतो.

व्हिट्रिफाइडमध्येही पोटभेद आहेत. फुल बॉडीत रंग आरपार असतो, त्यामुळे टवका उडाला तरी फारसा दिसत नाही. डबल चार्जमध्ये वरचा ३-४ मिलिमीटरचा थर रंगीत असतो. ग्लेझ्ड प्रकारात छापील नक्षी आणि तिच्यावर चकाकीचा पातळ थर असतो. लाकूड, संगमरवर, सिमेंट असं हवं ते रूप यात मिळतं, पण टवका उडाला की आतला वेगळा रंग डोकावतो. जिथे जड भांडी पडतात तिथे मी फुल बॉडीच सुचवते.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा?

पीईआय हा आकडा चकाकीचा थर किती घासला जाऊ शकतो ते सांगतो. घरातल्या बहुतेक खोल्यांना ३ पुरतो, दाराजवळ आणि बाहेरून थेट पाय येतात तिथे ४ घ्यावा. चकाकीचा थर नसलेल्या टाइल्सना हा आकडा लागूच होत नाही.

आर-९ ते आर-१३ हे निसरडेपणाचं माप आहे. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. ही चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे आणि नहाणीघरासाठी तीच जास्त कामाची.

पण खोक्यावर सगळ्यात आधी बघायच्या त्या दोन गोष्टी वेगळ्याच: शेड आणि कॅलिबर. शेड म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा रंग, कॅलिबर म्हणजे प्रत्यक्ष माप. एकाच नावाच्या टाइलच्या दोन घाण्यांत रंगाचा बारीक फरक पडतो आणि मापातही थोडा फरक येतो. माल उतरवून घेतानाच प्रत्येक खोक्यावरचे हे दोन्ही शिक्के जुळवून पाहा. बसवल्यावर लक्षात आलं तर उपाय उरत नाही.

किती टाइल्स मागवायच्या?

४ मीटर बाय ३.५ मीटरची खोली धरू. क्षेत्रफळ १४ चौरस मीटर. ६०० बाय ६०० मिलिमीटरची एक टाइल ०.३६ चौरस मीटर व्यापते, म्हणजे ३९ टाइल्स. त्याच टाइलमधून १० सेंटिमीटर उंचीचं स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) काढायचं तर दार सोडून सुमारे १४ मीटर लांबी भरते. त्यासाठी ६० सेंटिमीटर लांबीच्या २४ पट्ट्या लागतात. कापण्यात जाणारी जाडी धरून एका टाइलमधून पाच पट्ट्या निघतात, म्हणजे आणखी ५ टाइल्स. झाल्या ४४. त्यावर १० टक्के तूट धरली की ४९. खोक्यात ४ टाइल्स असतील तर १३ खोकी.

टाइल्स तिरक्या बसवायच्या असतील किंवा खोलीला बरेच कोपरे असतील तर तूट १५ टक्के धरा. उरलेल्या टाइल्स परत करण्याच्या फंदात पडू नका. पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर त्याच शेडची टाइल तुमच्या माळ्याखेरीज कुठेच मिळणार नाही.

घरात वयस्कर माणसं आहेत. चकचकीत टाइल नको म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि त्यांचं ऐकावं. कोरडी असताना चकचकीत टाइलही बऱ्यापैकी पकड देते. पाण्याचा किंवा साबणाचा पातळ थर आला की पाय आणि टाइल यांच्यात पाणी अडकतं आणि पाय सटकतो. मॅट किंवा साटिन पृष्ठभागावर त्या पाण्याला बाजूला जायला बारीक जागा मिळते. स्वयंपाकघरात आणि नळाजवळ आर-१० किंवा त्याहून जास्त घ्या. नहाणीघरात अनवाणी पायांसाठीचा बी दर्जा घ्या. लहान टाइल्स घेतल्या तर सांधे जास्त येतात आणि पायाला धरायला आधार मिळतो, म्हणून शॉवरखाली लहान मापच बरं.

फार खरखरीत टाइल मात्र घरात नको. तिच्यात मळ बसतो, तो निघत नाही, आणि वर्षभरात साचलेल्या तेलकट थरामुळे तीच निसरडी होते. निसरडेपणाइतकाच धोका पातळीतल्या फरकाचाही आहे. दोन खोल्यांच्या जोडावर राहिलेली ५-६ मिलिमीटरची पायरी डोळ्यांना दिसत नाही, पण पाय बरोबर तिथे अडखळतो. तिथे उताराची पट्टी लावून घ्या.

दगड, लाकूड, लॅमिनेट, एसपीसी यांपैकी काय घ्यावं?

ग्रॅनाइट कणखर. संगमरवर देखणा, पण मोह्स मापावर त्याचा कठीणपणा ३ च्या आसपास, आणि चपलांखाली येणाऱ्या वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. म्हणजे संगमरवरावर ओरखडे येणारच. ते मान्य असेल आणि काही वर्षांनी पुन्हा पॉलिश करायची तयारी असेल तर जरूर घ्या. इतका थंड, शांत पृष्ठभाग दुसरा नाही.

अस्सल लाकूड १८ ते २० मिलिमीटर जाडीचं असतं. ते पुन्हा पुन्हा घासून नवं करता येतं. इंजिनिअर्ड लाकडात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायचे उलटसुलट थर असतात, म्हणून ते हवेतल्या ओलीने कमी हलतं. वरचा थर ३ मिलिमीटरच्या पुढे असेल तर एक-दोनदा घासता येतो. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाट्यावर छापील कागद आणि त्यावर कठीण पारदर्शक थर. ओरखडे चांगले सोसतं, सांध्यात पाणी मुरलं तर कडा फुगतात आणि मग पूर्ववत होत नाहीत. झीज सोसण्याच्या प्रतवारीत घरासाठी एसी-३, वर्दळीच्या जागी एसी-४ घ्या.

एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा ४ ते ६ मिलिमीटर जाडीचा पाटा. पाण्याने तो फुगत नाही. भाड्याचं घर, घाईचं काम, जुन्या टाइलवर पटकन नवं रूप, अशा वेळी उत्तम. वरचा झीज सोसणारा थर ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, ०.५ असला तर अधिक चांगलं. मोठ्या काचेतून कडक ऊन येतं तिथे तो प्रसरण पावून उचलला जाऊ शकतो. आणि ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते पाट्यापुरतं. सांध्यांतून खाली गेलेलं पाणी तिथेच अडकून कुजतं, म्हणून नहाणीघराच्या ओल्या भागात तो वापरू नये.

खालचा कोबा वाळलाय हे कसं ओळखायचं?

हात लावून कळत नाही. वरून कोरडा दिसणारा कोबा आत आठवडेच्या आठवडे ओला असतो. ढोबळ हिशेब असा, की ५० मिलिमीटर जाडीपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस आणि त्यापुढे आणखी सावकाश. म्हणजे ५० मिलिमीटरच्या कोब्याला चांगली वाळण लागली तरी सात आठवडे. दमट हवेत त्याहून जास्त.

घरच्या घरी करण्याजोगी चाचणी: ४५ सेंटिमीटर चौरस जाड, पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झालेला दिसला तर ओल आहे. काहीच दिसलं नाही म्हणजे लाकडासाठी हमी मिळाली असं मात्र नाही. लाकूड बसवायचं असेल तर मॉइश्चर मीटरने कोबा आणि लाकूड दोन्ही मोजायला सांगा. जमिनीलगतच्या मजल्यावर ओल खालून सतत येत राहू शकते, तिथे आधी ओलरोधक थर हवा.

टाइलला थोडी ओल चालते, लाकडाला चालत नाही. लाकूड बसवण्याआधी ते त्याच खोलीत ठेवून हवेशी जुळू द्यावं लागतं. लॅमिनेटला ४८ तास पुरतात, अस्सल लाकडाला जास्त दिवस लागतात.

सिमेंट-वाळूच्या मालावर बसवू की अ‍ॅधेसिव्हवर?

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर अ‍ॅधेसिव्हवर. कारण साधं आहे. सिमेंटचा घोळ टाइलच्या छिद्रांत शिरून तिथे कडक होतो आणि टाइल धरून ठेवतो. व्हिट्रिफाइडला छिद्रंच जवळपास नसतात, त्यामुळे घोळाला धरायला काही मिळत नाही. टाइल फक्त वजनाने बसून राहते आणि काही महिन्यांनी पोकळ वाजू लागते. अ‍ॅधेसिव्हमध्ये सिमेंटसोबत पॉलिमर असतं, ते गुळगुळीत पृष्ठभागालाही चिकटतं. दगड जाडीला कमी-जास्त असतो, तिथे मालाचा थर अजूनही सोयीचा पडतो. पण त्यासाठी माल ओलसर-भरड आणि नीट दाबलेला हवा, शिवाय दगडाच्या पाठीला चिकटणारा थर लावलेला हवा.

अ‍ॅधेसिव्हच्या पोत्यावर सी-१ किंवा सी-२ लिहिलेलं असतं. सी-२ ची पकड जास्त. मोठ्या टाइल्स, जुन्या टाइलवरचं काम, ऊन लागणारी जागा यासाठी सी-२ घ्या. पुढे एस-१ असेल तर ते थोडं लवचीकही असतं.

काम चालू असताना मी नेमकं काय बघू?

खोलीच्या मध्यातून दोन दोऱ्या मारून त्या काटकोनात आहेत का ते आधी बघा. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करा. त्या दोन खुणांतलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन आहे. मग अ‍ॅधेसिव्ह न लावता टाइल्सची एक आडवी आणि एक उभी ओळ मांडायला सांगा. भिंतीशी चार बोटांची चिरफळी उरत असेल तर मांडणी अर्धी टाइल सरकवा, म्हणजे दोन्ही कडांना मोठे तुकडे येतील. दारातून आत येताना जी ओळ समोर दिसते ती पूर्ण टाइलची असावी.

त्यानंतर सपाटी. मोठ्या टाइलसाठी ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. खड्डा असेल तर तो आधी सेल्फ-लेव्हलिंगने (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या घोळाने) भरून घ्या. अ‍ॅधेसिव्ह जाड लावून टाइल वर उचलायचा मोह मिस्त्रीला होतो, पण जाड थर वाळताना आकसतो आणि टाइल खाली ओढली जाते.

अ‍ॅधेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने, सरळ ओळींत ओढलेलं असावं. गोल गोल फिरवलेलं नको. सरळ ओळी दाबल्या की त्यांच्यातली हवा कडेने निघून जाते, गोलांत ती अडकते. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात फिरवावा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत मी सरळ थांबवायला सांगते. त्या गोळ्यांमधल्या पोकळीवर खुर्चीचा पाय पडला की टाइल फुटते. कामाच्या पहिल्या तासात नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलून तिची पाठ बघायला मागा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली दिसायला हवी. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, तो स्वतःच उचलून दाखवतो.

लांबट, फळीसारख्या टाइल्स निम्म्या-निम्म्या सरकवून बसवू नका. त्या मध्यभागी किंचित फुगीर असतात आणि एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशी आला की पातळी चुकते. एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवणी नको.

सांधा न ठेवता, टाइलला टाइल भिडवून बसवली तर दिसायला छान दिसते ना?

पहिले काही महिने दिसते. टाइल्सच्या मापात बारीक फरक असतोच, तो सामावून घ्यायला सांधा लागतो. यंत्राने कडा कापलेल्या टाइलमध्येही किमान २ मिलिमीटर ठेवा आणि स्पेसर (सांध्यात अडकवायचे प्लास्टिकचे तुकडे) लावूनच ठेवा. सांधा दिसू नये असं वाटत असेल तर टाइलच्याच रंगाचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, भरा. भिंतीलगत चहूबाजूंनी ८-१० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. त्या फटीत माल भरू देऊ नका.

बसवलेली फरशी अचानक आवाज होऊन वर उचलली गेली. असं का होतं?

लोक खूप घाबरतात, भूकंप झाला की काय असं वाटतं. कारण वरच्याच उत्तरात आहे. ६ मीटर लांबीची टाइल्सची ओळ २० अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते. खालचा स्लॅब त्याच वेळी तितका तापलेला नसतो. नव्या इमारतीत तर काँक्रीट आकसतही असतं. भिंतीलगत जागा नसेल तर वाढलेली लांबी जाणार कुठे? पकड जिथे कमकुवत तिथे दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. ती सगळी ०.८ मिलिमीटर वाढ ६०० मिलिमीटरच्या दोनच टाइल्सनी अंगावर घेतली, तर त्यांच्यातला सांधा सुमारे २२ मिलिमीटर वर येतो.

उठलेल्या टाइल्स काढा. आजूबाजूच्या ठोकून बघा, पोकळ वाजणाऱ्याही काढा. खालचा थर साफ करून अ‍ॅधेसिव्हवर पुन्हा बसवा. आणि मुख्य म्हणजे भिंतीलगतची फट ग्राइंडरने मोकळी करा, नाहीतर शेजारच्या ओळीत हेच पुन्हा होईल. मोठ्या दालनात दर ६ ते ७ मीटरवर, ऊन लागणाऱ्या जागी ३ मीटरवर, लवचीक सिलंटचा सांधा ठेवा.

नहाणीघराची फरशी बदलताना वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं का?

हो. फरशी उचलताना जुना थर फाटतोच. नवा थर जमिनीवर आणि भिंतीवर किमान १५ सेंटिमीटर वर चढवा, शॉवरच्या भागात आणखी वर. कोपऱ्यांत आणि नहाणी ट्रॅपभोवती (पाणी निघून जायच्या भोकाभोवती) जाळीची पट्टी घालून घ्या, कारण गळती तिथूनच सुरू होते. ढाळ दर मीटरला १० ते २० मिलिमीटर ट्रॅपकडे असावा.

थर वाळल्यावर टाइल बसवण्याआधी ट्रॅप बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि किमान २४ तास ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. आमच्या स्वतःच्या घरात ही चाचणी मी घाईत सोडून दिली होती. तीन महिन्यांनी खालच्या घरातल्या काकूंच्या छतावर डाग उमटला आणि नवी कोरी फरशी पूर्ण उकरावी लागली. त्यांचं छत दोनदा रंगवून दिलं, पण त्यांना झालेला मनस्ताप भरून देता आला नाही. तेव्हापासून कामाच्या वेळापत्रकात या २४ तासांची ओळ मी सगळ्यात आधी लिहिते.

नूतनीकरणात फरशीचा क्रम कुठे येतो?

नळकाम, वायरिंग आणि गिलावा यांच्यानंतर, रंगाच्या शेवटच्या हाताआधी. सुतारकामाचं मोठं कापणं झाल्यावर बसवली तर उत्तम. क्लिक करून बसणारं लॅमिनेट किंवा एसपीसी अगदी शेवटी येतं. स्वयंपाकघराची जड कपाटं त्याच्यावर ठेवून जखडू नका, त्याला हलायला मोकळीक लागते. बसवलेली फरशी झाकताना आधी झाडून घ्या. अंथरलेल्या पुठ्ठ्याखाली राहिलेली वाळू सँडपेपरसारखी घासते.

एक-दोन टाइल्स पोकळ वाजतात. लगेच काढू?

टाइल हलत नसेल, सांध्यात भेग नसेल आणि ती वर्दळीच्या जागी नसेल तर राहू द्या, दर काही महिन्यांनी ठोकून बघा. हलत असेल तर सांध्यात बारीक भोक पाडून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) सोडतात आणि वर वजन ठेवतात. दोन-चार टाइल्ससाठी हा उपाय चांगला आहे. अख्खी खोली पोकळ असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

एकच टाइल फुटलीय. शेजारच्या न दुखावता कशी काढायची?

आधी चारही बाजूंचं ग्राउट पूर्ण खरवडून काढा. ही पायरी टाळली की छिन्नीचा धक्का शेजारच्या टाइलला जातो. मग फुटक्या टाइलच्या मध्यात ड्रिलने भोकं पाडा आणि मध्याकडून कडेकडे बारीक छिन्नीने तुकडे काढत जा. कडेकडून आत कधीही नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, टाइलचे तुकडे काचेसारखे उडतात.

खालचं जुनं अ‍ॅधेसिव्ह इतकं खरवडा की नवी टाइल कोरडी ठेवली असता शेजारच्यांपेक्षा ३ मिलिमीटर खाली बसेल. नवं अ‍ॅधेसिव्ह खाली आणि टाइलच्या पाठीला लावून बसवा, पट्टी आडवी ठेवून पातळी जुळवा, टेप लावून २४ तास सोडा, मग ग्राउट भरा. नवं ग्राउट जुन्यापेक्षा उजळ दिसेल. एका टाइलभोवतीच तो फरक खटकतो, म्हणून आसपासचे सांधे घासून धुतले की रंग बराच जुळतो.

सांधे काळे पडलेत, काही केल्या निघत नाहीत.

तेलकट मळ असेल तर अल्कलीयुक्त क्लीनर लावून दहा मिनिटं थांबा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. अ‍ॅसिड टाळा. ते सिमेंटचं ग्राउटच खातं, सांधा खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी दुप्पट मळ धरतो. फार खोल गेलेलं असेल तर वरचं दोन-तीन मिलिमीटर ग्राउट काढून नवं भरा. स्वयंपाकघरात आणि नहाणीघरात त्या जागी इपॉक्सी ग्राउट भरलं तर डाग मुरत नाहीत. ते भरताना मात्र टाइलवरचा थर लगेच पुसावा लागतो, वाळल्यावर फार त्रास देतो.

संगमरवरावर लिंबाचा डाग पडलाय.

तो डाग नाही, खरचटणं आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतंही अ‍ॅसिड ते विरघळवतं. पुसून जाणार नाही, पॉलिशच करावं लागेल. तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याची घट्ट लापशी करून थापा, प्लास्टिकने झाका आणि दिवसभराने काढा. दोन-तीनदा करावं लागतं.

जुनी मोझॅक फरशी आहे. काढून व्हिट्रिफाइड घालू?

कृपया आधी एक कोपरा घासून बघा. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून केलेली ही फरशी जाड असते, तिला मशीनने खरखरीत ते बारीक अशा चढत्या दगडांनी घासून, भोकं सिमेंटने भरून पॉलिश केलं की ती पुन्हा नव्यासारखी होते. कितीतरी घरांत ती मळकट दिसते म्हणून उखडली जाते आणि तिच्याहून कमी टिकणारं काहीतरी येतं. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

लाकडी फरशी करकरते, काही पट्ट्यांच्या कडा वर आल्यात.

करकर म्हणजे फळी खालच्या आधारावर घासते आहे. खालच्या तुळईत स्क्रू मारून किंवा फटीत पाचर सारून ती थांबते. कडा वर आणि मध्य खाली असेल तर फळीला खालून ओल लागते आहे. लगेच घासून सपाट करू नका. आधी ओलीचा उगम शोधून बंद करा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. ओलं असताना घासलं तर वाळल्यावर मध्य वर येतो आणि फळी उलटी वाकते.

यातलं मी स्वतः काय करू शकतो?

लॅमिनेट किंवा एसपीसी, स्कर्टिंग, ग्राउट बदलणं, एखादी टाइल बदलणं हे शिकून जमतं. वॉटरप्रूफिंग, नहाणीघराचा ढाळ आणि मोठ्या टाइल्स हे अनुभवी हाताकडे द्या. टाइल आणि दगड कापताना पाणी वापरा आणि एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा. त्या धुळीत सिलिका असते, तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. तुमच्या घरात काम करणारा मिस्त्री ही धूळ रोज घेतो. मास्क तुम्ही आणून द्या आणि कोरडं कापू देऊ नका.

किती दिवसांनी वापरायला घ्यायची?

अ‍ॅधेसिव्हवर बसवलेल्या टाइलवर २४ तासांनी हलक्या पावलांनी चालता येतं, जड सामान आठवड्याने. सिमेंट-वाळूच्या थरावर बसवली असेल तर आणखी धीर धरा, सिमेंटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात.

काम संपल्यावर काय जपून ठेवू?

उरलेल्या टाइल्स उभ्या करून, खोक्यावरचा शेड-कॅलिबरचा शिक्का न फाडता. ग्राउटच्या रंगाचा क्रमांक. फरशीखालून गेलेल्या पाइपांचे, शेजारी टेप ठेवून काढलेले फोटो, म्हणजे पुढे ड्रिल करायची वेळ आली तर भिंतीपासूनचं अंतर मोजता येईल.